राणीच्या बागेबाहेर पहिला चार्ल्स

रविवारी संध्याकाळी राणीची बाग बंद व्हायची वेळ झाली की भायखळ्याचा हा फुटपाथ माणसांनी भरून जातो. फुगे, भेळेचे कागद, बापाच्या खांद्यावर झोपलेली पोरं. आमचा कट्टा फाटकाच्या समोरच, चहाच्या टपरीला लागून. गेल्या रविवारी पाच-सहा वर्षांचा एक मुलगा आमच्या पुढ्यातच अडून बसला. "आई, राणी बघायची राहिली!" आई म्हणाली, "अरे, आत राणी नसते. पेंग्विन बघितलेस ना? चल आता." पोरगा काही पटल्यासारखा दिसला नाही. मागे वळून वळून फाटकाकडे बघत गेला.

पिंट्यानं विचारलं, "खरंच, ही राणी कोणती? एलिझाबेथ?"

भाऊ एकदम ताठ बसले. "व्हिक्टोरिया रे! व्हिक्टोरिया गार्डन होतं ना हे. बोर्डावर वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे, आणि तेच नाव योग्य आहे. पण बत्तीस वर्षं बेस्टमध्ये कंडक्टर होतो मी. 'जिजामाता उद्यान' म्हटलं तर निम्मी माणसं उतरायची नाहीत. 'राणीची बाग' म्हटलं की गाडी रिकामी."

पिंट्या एमपीएससीचा अभ्यास करतो. त्याला याद्या करायची सवय आहे. तो म्हणाला, "मग ठरवूनच टाकू. ब्रिटनच्या इतिहासातला सगळ्यात प्रसिद्ध राजा किंवा राणी. प्रत्येकानं एक नाव सांगायचं आणि का ते सांगायचं." आणि लगेच स्वतःच सुरू झाला, "माझा आठवा हेन्री. सहा बायका! तिथल्या पोरांना तर पाठच असतं: घटस्फोट, शिरच्छेद, मृत्यू, घटस्फोट, शिरच्छेद, वाचली."

"नावं सांग त्या सहाजणींची," शैलाताई म्हणाल्या.

पिंट्या अडखळला, पण सांगितली. "तीन कॅथरीन, दोन अ‍ॅन, एक जेन."

"हां. आता हे सांग, पहिल्या कॅथरीनशी त्याचा संसार किती वर्षं झाला?"

तो गप्प.

"जवळजवळ चोवीस वर्षं. हेन्री गादीवर आला १५०९ मध्ये, त्याच वर्षी लग्न झालं. १५३३ मध्ये ते लग्न रद्द ठरवलं. राज्य केलं त्यानं अडतीस वर्षं, त्यातली चोवीस एकाच बाईबरोबर. उरलेल्या पाचजणी चौदा वर्षांत बसवल्यात. पण गोष्ट सांगताना ती पहिली बाई अर्ध्या वाक्यात संपते. मुलगा झाला आणि जगला नाही, एवढीच तिची चूक."

शैलाताईंनी सरकारी इस्पितळात नर्स म्हणून आयुष्य काढलं. मुलगा न होण्याचा दोष बायकांच्या माथी मारलेला त्यांनी वॉर्डात इतक्या वेळा पाहिला आहे की चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या राणीबद्दलही त्या आपल्या पेशंटबद्दल बोलावं तशा बोलतात. अ‍ॅन बोलिनचं १५३६ चं मरण त्यांनीच सांगितलं. कुऱ्हाडीचा घाव चुकू नये म्हणून कॅलेहून तलवारबाज मागवला होता. नवऱ्यानं केलेली मेहरबानी ती एवढीच.

मास्तर आतापर्यंत चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरून ऐकत होते. महापालिकेच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेत. ते म्हणाले, "पिंट्या, हेन्री घे, पण बायकांसाठी घेऊ नकोस. त्याला पोपपासून सुटायचं होतं. ते एकट्याच्या हुकमावर जमलं असतं, पण टिकलं नसतं. म्हणून १५२९ पासून सात वर्षं त्यानं संसद बसवून ठेवली आणि एकामागून एक कायदे करून घेतले. १५३४ च्या कायद्यानं तो इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख झाला. मग आठशेच्या आसपास मठ मोडले, जमिनी विकल्या. ज्यानं विरोध केला त्याला कापलं. थॉमस मोर गेला १५३५ मध्ये. आणि ही सगळी कामं ज्यानं करून दिली तो थॉमस क्रॉमवेल १५४० मध्ये गेला, राजाचं पाचवं लग्न लागलं त्याच दिवशी. पण एक गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही. इतकी मोठी उलथापालथ संसदेच्या कायद्यानं होऊ शकते, हे त्यानंच संसदेला दाखवून दिलं."

हे मला फार पटलं. मी ते मनात ठेवलं, कारण माझं नाव अजून सांगायचं होतं.

शैलाताईंचं नाव अर्थात पहिली एलिझाबेथ. त्यांनी सुरुवात आरमारापासून केली नाही. १५८८ ची स्पॅनिश आरमाराची स्वारी, तेव्हा फौजेपुढं केलेलं टिलबरीचं भाषण, हे पिंट्यालाच त्यांना आठवून द्यावं लागलं. त्यांनी सुरुवात केली ती आईपासून. एलिझाबेथ पावणेतीन वर्षांची होती तेव्हा बापानं आईचं डोकं उडवलं आणि मुलीला अनौरस ठरवलं. विशीत असताना सावत्र बहीण मेरीनं तिला लंडनच्या टॉवरमध्ये, म्हणजे किल्ल्यातल्या तुरुंगात कोंडलं, १५५४ मध्ये. आणि पंचविसाव्या वर्षी तीच मुलगी गादीवर बसली.

"आणि १५६२ मध्ये तिला देवी आल्या," शैलाताई म्हणाल्या. "वाचत नाही असंच सगळ्यांना वाटलं होतं. तिच्या उशाशी बसून शुश्रूषा कुणी केली माहीत आहे? मेरी सिडनी. दरबारातलीच बाई, घरंदाज, देखणी. राणी बरी झाली आणि देवी मेरीला आल्या. तिचा नवरा परदेशातून परत आला. त्यानं लिहून ठेवलंय, जाताना सुंदर बायको सोडून गेलो होतो, आलो तर रोगानं करता येईल तितकी ती विद्रूप झालेली होती. आम्ही देवीचे शेवटचे पेशंट पाहिलेत, नोकरीला लागलो तेव्हा. डोळ्यांच्या कडांपर्यंत फोड. त्या बाईनं काय केलं ते मला कळतं. एलिझाबेथ पंचेचाळीस वर्षं राज्य करते, जग तिला ओळखतं. मेरी सिडनी कुणाच्या यादीत आहे?"

थोडा वेळ कुणी बोललं नाही. टपरीवाल्यानं न सांगता कटिंग आणून ठेवले.

मी म्हटलं, "ताई, एलिझाबेथच्या नावावर आणखी एक गोष्ट आहे. स्कॉटलंडची मेरी."

"ती भानगड मला माहीत आहे."

"भानगड नाही ती, खटला आहे. स्कॉटलंडची राणी, गादीवरून उतरवलेली, एकोणीस वर्षं एलिझाबेथच्या कैदेत. एलिझाबेथविरुद्धच्या कटात सामील म्हणून तिच्यावर फॉदरिंगेच्या किल्ल्यात खटला चालवला. एलिझाबेथ सही करायला तयार होईना. का? अभिषेक झालेल्या राणीला कोर्टापुढे उभं करून मारता येतं, हे एकदा लोकांनी पाहिलं की पुढची पाळी कुणाची? शेवटी फेब्रुवारी १५८७ मध्ये सही केली. मंत्र्यांनी तिला न कळवता हुकूम अमलात आणला, तेव्हा इतकी भडकली की स्वतःच्या सचिवाला टॉवरमध्ये टाकलं. तिला कळत होतं आपल्या हातून काय घडलंय ते."

इथं थोडं बाजूला जातो, कारण एलिझाबेथचं नाव निघालं की मला गोवा आठवतो. १५८३ मध्ये तिनं अकबराच्या नावानं पत्र देऊन काही व्यापारी पाठवले. त्यातले जॉन न्यूबेरी आणि राल्फ फिच पोर्तुगीजांच्या हाती लागले आणि गोव्याच्या तुरुंगात जाऊन पडले. त्यांना सोडवायला धावला तो थॉमस स्टीफन्स. जन्मानं इंग्रज आणि धर्मानं कॅथलिक. एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक पाद्र्याला जागा नव्हती म्हणून देश सोडलेला. हाच पुढे मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण लिहिणारा फादर स्टीफन्स. ज्या राणीच्या राज्यात त्याला राहता आलं नाही, तिच्याच माणसांना त्यानं जामीन मिळवून दिला. आणि त्याच राणीनं १६०० सालच्या शेवटच्या दिवशी ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेवर सही केली. हे मी कट्ट्यावर सांगितलं तेव्हा भाऊ म्हणाले, "म्हणजे मराठी आधी आली आणि कंपनी मागून." ओव्या छापून यायला १६१६ उजाडलं, पण माणूस १५७९ मध्येच गोव्यात उतरला होता, हे खरं.

मास्तरांनी आपलं नाव दिलं, जॉन. आम्ही सगळेच चमकलो. वाईट राजा म्हणून तरी तो प्रसिद्धच, पण मास्तर त्याला मत देतील असं वाटलं नव्हतं. त्यांचं म्हणणं, १५ जून १२१५ ला रनिमीडच्या कुरणात सरदारांनी त्याच्याकडून मॅग्ना कार्टा, म्हणजे राजाच्या अधिकारावर बंधनं घालणारा करारनामा घेतला, तिथून सगळं सुरू होतं. मी विचारलं, "टिकला किती दिवस?" मास्तर प्रामाणिक आहेत. म्हणाले, "अडीच महिनेसुद्धा नाही. पोपनं रद्द केला. पण पुढच्या राजांनी पुन्हा पुन्हा काढला." वाद तिथं फार वाढला नाही. पिंट्यानं मध्येच लेस्टरच्या कार पार्किंगखाली २०१२ मध्ये सापडलेल्या तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा आणला, वाकड्या कण्याचा. सगळ्यांनी ऐकला आणि सोडून दिला.

मग माझी पाळी.

"पहिला चार्ल्स," मी म्हटलं.

"तो डोकं उडवलेला?" पिंट्या म्हणाला. "हरलेला राजा कसला प्रसिद्ध, काका?"

मी एकतीस वर्षं कोर्टात नोकरी केली. शेवटी शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. कुठलाही कागद हातात आला की माझी नजर आधी खटल्याच्या नावावर जाते. 'विरुद्ध'च्या डावीकडे कोण, उजवीकडे कोण. फौजदारी खटल्यात डावीकडे सरकार, उजवीकडे आरोपी. तिकडे आजही डावीकडे राजा किंवा राणी. ८ सप्टेंबर २०२२ ला दुसरी एलिझाबेथ गेली, त्या दिवशी राणीचं न्यायपीठ राजाचं झालं आणि राणीचे वकील राजाचे वकील झाले. चालू खटल्यांत राणीच्या जागी राजा आला. हजार वर्षांच्या त्या परंपरेत गादीवर बसलेला राजा एकदाच उजवीकडे आला. संसदेशी झालेल्या युद्धात हरल्यावर, जानेवारी १६४९, लंडनचा वेस्टमिन्स्टर हॉल.

मी त्यांना तो दिवस सांगितला. २० जानेवारी. मुख्य न्यायाधीश जॉन ब्रॅडशॉ. त्याला जिवाची इतकी भीती की टोपीच्या आत पोलादाचा पत्रा बसवून घेतलेला. न्यायासनावर बसायला एकशे पस्तीस माणसं नेमली होती, आली निम्मीच. हजेरी घेताना सेनापती फेअरफॅक्सचं नाव पुकारलं, तर वरच्या सज्जातून एका बाईचा आवाज आला, 'इथं न येण्याइतकी अक्कल आहे त्याला!' ती त्याची बायको होती. चार्ल्स आला तो डोक्यावर हॅट तशीच ठेवून. काढली नाही. हे कोर्टच मानत नाही, मग मान कसला द्यायचा?

सरकारी वकील जॉन कुक आरोपपत्र वाचायला उठला, इंग्लंडच्या जनतेच्या नावानं. राजानं हातातल्या काठीनं त्याच्या खांद्यावर टोचलं, 'थांब.' तो थांबला नाही. पुन्हा टोचलं. तेवढ्यात काठीची चांदीची मूठ निखळली आणि जमिनीवर पडली.

राजा थांबला. जन्मल्यापासून त्याच्या हातातून पडलेली वस्तू दुसऱ्यानं उचलून दिली होती. त्यानं वाट पाहिली. अख्खा हॉल बघत होता. कुणी हललं नाही. शेवटी चार्ल्स स्वतः वाकला आणि मूठ उचलली.

शैलाताई म्हणाल्या, "अगं बाई." एवढंच.

"माझ्यासाठी इंग्लंडचा इतिहास तिथं फिरतो," मी म्हटलं. "डोकं उडालं दहा दिवसांनी. पण राजा वाकला तो त्या क्षणी."

मास्तरांनी लगेच हरकत घेतली, आणि ती हरकत खोटी नव्हती. "तो खटला कायदेशीर होता का? डिसेंबरमध्ये सैन्यानं संसदेच्या दारात उभं राहून नको ते सभासद हाकलून दिले. उमराव सभागृहानं खटल्याला नकार दिला. मग जनता कुठली? तलवारीचं कोर्ट होतं ते."

"मान्य," मी म्हटलं. "चार्ल्सनंही नेमकं हेच विचारलं. कुठल्या अधिकारानं मला इथं आणलंत? अधिकारक्षेत्राची हरकत होती ती, आणि मास्तर, मी इतक्या हरकती ऐकल्या, त्याच्यापेक्षा स्वच्छ हरकत मला आठवत नाही. कायद्याशिवायची ताकद कायदे करायला लागली तर माझ्या राज्यात कुणाचाच जीव आणि मालमत्ता सुरक्षित नाही, असं तो म्हणाला. आयुष्यभर तोतरा बोलणारा माणूस तिथं अडखळला नाही म्हणतात. गुन्हा कबूल आहे की नाही, याचं उत्तरच त्यानं दिलं नाही, आणि उत्तर नाही म्हणजे कबुली असं धरून त्यांनी शिक्षा सुनावली. खटला वाईट चालवला, हे मी कोर्टातला माणूस म्हणून सांगतो. पण ज्याला आज कायद्याची आठवण झाली, त्यानंच आधी अकरा वर्षं संसद बोलावली नव्हती, संसदेला न विचारता जहाजांच्या नावानं कर उकळला होता. जानेवारी १६४२ मध्ये सैनिक घेऊन तो पाच सभासदांना पकडायला थेट सभागृहात घुसला. सभापती गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, सभागृह सांगेल तेवढंच बघायला मला डोळे आहेत आणि तेवढंच बोलायला जीभ आहे. त्या दिवसापासून आजपर्यंत ब्रिटनच्या कुठल्याही राजा-राणीनं कनिष्ठ सभागृहात पाऊल ठेवलेलं नाही."

३० जानेवारीचं मी थोडक्यात सांगितलं, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवलं नाही. थंडी कडाक्याची होती. चार्ल्सनं सकाळी दोन सदरे मागून घेतले. थंडीनं कापलो तर लोकांना वाटेल मी भ्यालो. व्हाइटहॉलच्या बँक्वेटिंग हाउसमधून त्याला नेलं, तिथल्या छतावर रुबेन्सची चित्रं आहेत. चार्ल्सनंच करवून घेतलेली, बापाला स्वर्गात चढवणारी. त्या चित्रांखालून चालत जाऊन तो खिडकीतून बाहेर मचाणावर आला. आणि स्कॉटलंडची मेरी, जिच्यासाठी एलिझाबेथ सही करायला कचरत होती, ती याची सख्खी आजी. बासष्ट वर्षांच्या अंतरानं आजी आणि नातू एकाच वाटेनं गेले.

"पण काका, उपयोग काय झाला?" पिंट्या सोडायला तयार नव्हता. "अकरा वर्षांत त्याचा मुलगा परत आला ना? दुसरा चार्ल्स. आपली मुंबई ज्याला हुंड्यात मिळाली तो."

"आला. आणि येऊन त्यानं सूड घेतला. बापाच्या मृत्युदंडाच्या हुकमावर सह्या करणाऱ्या एकोणसाठांपैकी जे हाती लागले त्यांतल्या कितीतरी जणांना मारलं. वकील कुकला फाशी देऊन तुकडे केले. संसदेच्या बाजूचा पुढारी ऑलिव्हर क्रॉमवेल (हेन्रीचा थॉमस नव्हे) तर आधीच मेला होता, त्याचं प्रेत उकरून टांगलं, नेमकं ३० जानेवारीला, आणि डोकं वेस्टमिन्स्टर हॉलवर खांबाला लावलं. ते डोकं फिरत फिरत शेवटी १९६० मध्ये केंब्रिजच्या एका कॉलेजात पुरलं. पण पिंट्या, या सगळ्यात तो एक गोष्ट विसरला नाही. बापासारखं वागायचं नाही. त्याचा भाऊ जेम्स विसरला, तर १६८८ मध्ये कुऱ्हाड उचलायची वेळच आली नाही. तो आपणहून पळाला. पुढच्या वर्षी हक्कांचा कायदा झाला. १७०८ मध्ये अ‍ॅन राणीनं एका विधेयकाला संमती नाकारली, त्यानंतर एकाही राजानं नाकारलेली नाही. हे सगळं त्या मुठीपाशी सुरू होतं."

मुंबईचं निघाल्यावर मास्तरांना राहवेना. पोर्तुगालच्या कॅथरीनशी लग्न, १६६१ चा तह. पण बेटं ताब्यात देताना पोर्तुगीज गव्हर्नरनं इतकी खळखळ केली की इंग्रजांची फौज कारवारजवळच्या अंजदीव बेटावर अडकून पडली. तिथं रोगराईनं बहुतेक सैनिक मेले, त्यांचा प्रमुख शिपमनही गेला. १६६५ मध्ये उरलेल्यांनी मुंबई घेतली आणि १६६८ मध्ये चार्ल्सनं ती कंपनीला देऊन टाकली, वर्षाला दहा पौंड भाड्यानं. "दहा पौंड!" भाऊ म्हणाले. त्यांचा सूर चढला नाही, उलट खाली गेला. चाळीतली खोली पुनर्विकासात गेली तेव्हापासून भाड्याचा विषय निघाला की ते असेच होतात.

मला वाटलं, वाद मी जिंकला. भाऊंनी अजून नाव सांगितलं नव्हतं.

"माझं व्हिक्टोरिया," ते म्हणाले.

"भाऊ, तुम्ही?" पिंट्याला पटेना. "चापेकरांनी जिच्या पुतळ्याला डांबर फासलं ती?"

"तीच. प्रसिद्ध कोण एवढंच विचारलंस ना? कोण चांगलं ते नाही विचारलंस. माझ्या आजीला इंग्लंड कुठं आहे ते माहीत नव्हतं, पण राणीछाप रुपया माहीत होता. त्रेसष्ट वर्षं राज्य केलं, एकदाही इथं आली नाही, आणि आजही माणसं बसमध्ये तिचं नाव घेऊन उतरतात. याहून मोठी प्रसिद्धी कुठली?" मग ते माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही मघाशी खटल्याचं नाव म्हणालात. डावीकडे कोण, उजवीकडे कोण. टिळकांच्या खटल्याचं नाव काय होतं हो?"

मी उत्तर दिलं, आणि देता देता माझाच आवाज खाली आला. "सम्राज्ञी विरुद्ध बाळ गंगाधर टिळक. १८९७."

"म्हणजे तिकडे राजाला वाकायला लावून झालं होतं. कधी?"

"१६४९."

"अडीचशे वर्षं. आणि इकडे राणी डावीकडेच."

मास्तर हळूच म्हणाले, "१८९७ म्हणजे तिच्या कारकिर्दीचा हीरकमहोत्सव. २२ जूनच्या रात्री पुण्यात त्याचीच रोषणाई चालू होती, तेव्हा गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाली. सप्टेंबरात टिळकांवर राजद्रोहाचा खटला मुंबईच्या हायकोर्टात उभा राहिला. ज्यूरीत नऊजण. सहा युरोपियनांनी दोषी ठरवलं, तीन हिंदी ज्यूरर म्हणाले निर्दोष. अठरा महिने सक्तमजुरी."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. हायकोर्टाच्या इमारतीत कामासाठी मी कितीदा गेलोय. पण वेस्टमिन्स्टर हॉलमधली ती मूठ आणि आमच्या हायकोर्टातला तो खटला मी कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिला नव्हता. राजा कायद्याच्या वर नाही, हे ज्या देशानं रक्त सांडून ठरवलं, त्यानंच समुद्रापलीकडे आल्यावर राजावर टीका करणं हा गुन्हा ठरवला. आणि आमच्या माणसांनी मागितलं तेही किती साधं होतं. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत व्हिक्टोरियाला सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं. दख्खनेत दुष्काळानं माणसं मरत होती, त्याच महिन्यांत. त्या दरबारात पुण्याचे सार्वजनिक काका हातानं कातलेल्या खादीत गेले आणि म्हणाले, राणीच्या ब्रिटिश प्रजेला जो दर्जा आहे तोच आम्हाला द्या. मास्तर सांगत होते आणि मला ते खादीचे कपडे डोळ्यांपुढे दिसत होते, त्या रेशमी, जरीच्या गर्दीत.

शैलाताईंनी रखमाबाईंचं काढलं. लहानपणी लावून दिलेलं लग्न त्यांनी नाकारलं, नवरा कोर्टात गेला. "राणीनं हस्तक्षेप करून लग्न मोडलं असं सांगतात ना?" पिंट्यानं विचारलं. शैलाताई म्हणाल्या, "सांगतात. पण १८८८ मध्ये नवऱ्यानं दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला, ते कागदावर आहे. नको असलेल्या नवऱ्याकडे जाण्यापेक्षा तुरुंगात जाईन, असं ती म्हणाली होती. नंतर लंडनला जाऊन डॉक्टर झाली. तिनं स्वतः मिळवलेलं राणीच्या खात्यावर कशाला टाकायचं?"

भाऊंचं अजून संपलं नव्हतं. "टिळकांच्या १९०८ च्या खटल्यात डावीकडे कोण?"

"सम्राट," मी म्हटलं. "सातवा एडवर्ड. व्हिक्टोरियाचा मुलगा."

"काळ्या घोड्यावरचा?"

"तोच."

भाऊंनी फाटकाकडे बोट दाखवलं. काळ्या घोड्याचा मूळ पुतळा, ज्याच्यामुळे फोर्टमधल्या त्या जागेला नाव पडलं, तो १९६५ मध्ये तिथून हलवून इथं आणला. आम्ही बसलो होतो तिथून भिंतीपलीकडेच. इतकी वर्षं आम्ही या कट्ट्यावर बसतो, आणि टिळकांच्या खटल्यातला फिर्यादी भिंतीआड घोड्यावर बसलेला आहे, हे आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नव्हतं.

"सहा वर्षांची शिक्षा झाली," भाऊ म्हणाले. "मंडालेला पाठवलं. माझे आजोबा तेव्हा गिरणीत नुकतेच लागले होते. सहा वर्षांसाठी सहा दिवस गिरण्या बंद. गोळीबार झाला, माणसं मेली. आजोबा सांगायचे ते माझे वडील मला सांगायचे. सहा दिवस घरात काय शिजलं ते आजीला शेवटपर्यंत पाठ होतं. नाचणीची आंबील, आणि चौथ्या दिवसापासून नुसती पेज. आजोबांना केसरी वाचता येत नव्हता. साहेबाचा राजा कोण, त्यांनी कधी विचारलंही नसेल."

पिंट्यानं फोन खिशात ठेवला. त्यानं विचारलं, "काका, टिळक त्या कोर्टात काय म्हणाले ते तिथं कोरलेलं आहे ना?"

"आहे. ज्या दालनात खटला चालला त्याच्या बाहेर, भिंतीवर संगमरवरी पाटी. ज्यूरीनं दोषी ठरवलं तरी मी निर्दोष आहे, माणसांचं आणि राष्ट्रांचं भवितव्य ठरवणारी याहून वरची शक्ती आहे, अशा अर्थाचं."

मास्तर म्हणाले, "चार्ल्सही वरच्याच शक्तीचं नाव घेत होता."

"घेत होता," मी म्हटलं. "पण त्यानं घेतलं ते आपल्याला कुणी विचारू नये म्हणून. टिळकांनी घेतलं ते विचारलंच पाहिजे म्हणून."

यावर मास्तर काही बोलले नाहीत. वाद घालायचा असता तर त्यांच्याकडे मुद्दे होते, मला माहीत आहे.

रखवालदारानं फाटकाची साखळी ओढली. भाऊंनी त्याला विचारलं, घोड्याचा पुतळा आत कुठल्या बाजूला आहे. त्यानं हात करून दाखवलं आणि म्हणाला, आज बंद झालं, पुढच्या रविवारी लवकर या. चहाचे पैसे शैलाताईंनी दिले. पाचला फाटकापाशी भेटायचं ठरलं.